पाग टाकणारा हात आणि न सांगता सावरणारे पाय

मालवण तालुक्यात देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणारा मासेमार जाळ्याचा काही भाग खांद्यावर घेतो, शिशाच्या गोळ्या लावलेला काठ दोन्ही हातांत पसरून धरतो आणि बोय माशांचा थवा दिसताच कमरेतून वळून जाळे भिरकावतो.

जाळे कधी टाकायचे, हे तो ठरवतो. या ऐच्छिक हालचालीची आज्ञा मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यातून निघते. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या याच भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. माणसाच्या मेंदूतून खाली उतरणारे बहुतेक चेतातंतूही मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेरुरज्जूला जोडलेल्या मेंदूच्या सर्वांत खालच्या भागात, बाजू बदलतात. त्यामुळे उजवा हात डाव्या मेंदूच्या आज्ञेत राहतो.

मात्र खरे नवल या आज्ञेच्या आगेमागे घडते. हात पुढे झेपावण्याच्या क्षणभर आधीच पोटऱ्यांचे आणि कमरेचे स्नायू आवळले जातात, नाहीतर जाळ्याच्या ओढीने तो स्वतःच पाण्यात कोसळला असता. ही तयारी त्याने ठरवून केलेली नसते. ती बिनचूक व्हावी यासाठी झटणाऱ्या अनुमस्तिष्काचा, म्हणजे मोठ्या मेंदूच्या मागे खाली असलेल्या लहान मेंदूचा, आकार मेंदूच्या सुमारे एक दशांश असला, तरी मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यातच असतात. जाळे मनासारखे गोल उघडले नाही, तर ठरवलेली आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांतला फरक ओळखून पुढची फेक सुधारण्याचे कामही तेच करते. वर्षानुवर्षांच्या सरावाने हात बसतो, असे आपण म्हणतो. त्या बसण्यात अनुमस्तिष्काचा मोठा वाटा आहे.

एवढ्यात पायाखाली कालवाच्या शिंपल्याची धारदार कड येते. पाय झटकन वर उचलला जातो आणि त्याच वेळी दुसरा पाय ताठ होऊन सगळा भार पेलतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतच घडते. वेदना जाणवते ती पाय उचलला गेल्यानंतर. अशा क्रियांचा सखोल अभ्यास करणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

श्वासावर मात्र इच्छा आणि आपोआप चालणारी यंत्रणा या दोघांचाही ताबा चालतो. एरवी मस्तिष्कपुच्छ तो आपोआप चालू ठेवते. फेकीच्या क्षणी मासेमार तो हवा तर रोखू शकतो, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला की त्याचा निश्चय कितीही पक्का असला, तरी मस्तिष्कपुच्छ त्याला श्वास घ्यायलाच लावते.