कोणाला मत द्यायचं, ते अजून ठरलं नाही ना?

[दृश्य: एक मतपत्रिका, अगदी जवळून. दोन उमेदवारांपुढचे दोन्ही गोल काळे केलेले. त्यातल्या एकावर तिरकी रेघ.]

ही मतपत्रिका नोव्हेंबर २०१७ ची. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला ९४ वा मतदारसंघ, न्यूपोर्ट न्यूज शहर. मतदार कोण, ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नसावं हेच योग्य. त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स यांच्यापुढचा गोल भरला. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांच्यापुढचाही भरला. मग सायमंड्स यांच्या गोलावर रेघ ओढली.

फेरमोजणीत हे मत धरलं गेलं नाही आणि सायमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी ती रेघ पाहून ठरवलं, की या मतदाराला यान्सी हवे होते. दोघांची मतं झाली ११,६०८. बरोबरी! ४ जानेवारी २०१८ ला दोघांची नावं कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्यांत घालून चिठ्ठी काढली गेली. नाव निघालं यान्सींचं. शंभर जागांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाने ५१ विरुद्ध ४९ असं बहुमत राखलं.

चिठ्ठीवर आमदार ठरावा का, यावर वाद घालता येईल. पण त्याआधी काय घडलं ते बघा. मतदानाच्या आडोशाला उभं राहून एका माणसाने मत बदललं असावं, आणि त्याला नेमकं काय म्हणायचं होतं हे शोधायला अख्खं न्यायपीठ बसलं.

[दृश्य: प्रचारसभेची गर्दी. मग गर्दीबाहेर, हाताची घडी घालून उभे असलेले लोक.]

ज्यांचं पक्कं ठरलेलं असतं, त्यांची मतं पक्षांनी आधीच मनातल्या मनात मोजून टाकलेली असतात. घाम गळतो तो तुमच्यासाठी. जाहीरनाम्यातली एखादी ओळ बदलते. बदनाम उमेदवाराचं तिकीट कापलं जातं. जाहीर चर्चा टाळणारा नेता नाइलाजाने समोर येऊन बसतो. यातलं काहीही तुमच्यावरच्या प्रेमापोटी होत नाही, हरण्याच्या भीतीपोटी होतं.

ती भीतीच गेली तर? निकाल आधीच ठरलेला असला, तरी पक्क्या समर्थकाला काहीतरी काम उरतं. सभा भरवायची असते, घोषणा द्यायच्या असतात. काठावरच्या मतदाराकडे मात्र कोणी फिरकत नाही. त्याला पटवून करायचंय काय?

१९२७ मध्ये आफ्रिकेतल्या लायबेरियात हा प्रकार अगदी टोकाला गेला. नोंदलेले मतदार सुमारे १५ हजार, आणि राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग यांना जाहीर झालेली मतं जवळपास २ लाख ४३ हजार. प्रतिस्पर्धी थॉमस फॉकनर यांच्या नावावर ९ हजार. हिशेब जुळवायची तसदीसुद्धा कोणी घेतली नाही. शेवटच्या आठवड्यात कोणाचं मन बदललंही असेल, पण ते बदलून उपयोग काय होता?

आता इतकं उघड सहसा कोणी करत नाही. विरोधकाचा अर्ज किरकोळ कारणाने बाद होतो. मतदार यादीतून नावं गळतात. कधी तर कायदाही मोडावा लागत नाही, नकाशावर पेन्सिल फिरवली की पुरतं. मतदारसंघाच्या सीमा अशा आखायच्या, की एका पक्षाला तिथे आव्हानच उरू नये. १८१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आखलेल्या अशा वेड्यावाकड्या मतदारसंघावर व्यंगचित्र निघालं होतं. युक्ती अजून चालू आहे. अशा ‘सुरक्षित’ जागी तुमचं मत मोजलं जातं अगदी काटेकोर, फक्त त्याला वजन नसतं. मला विचाराल तर हा प्रकार पेट्या पळवण्यापेक्षा चिवट आहे, कारण इथे पकडायला चोरच सापडत नाही.

[दृश्य: लाकडी मतपेटी, लाखेची मोहोर.]

ही पेटी इंग्लंडमधल्या पाँटफ्रॅक्टची. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मत चारचौघांत, तोंडी सांगावं लागे. कोणी कोणाला मत दिलं याच्या वह्या असत, आणि त्या छापून विकल्याही जात. जमीनदाराला त्याचं कूळ कुठे झुकलं ते वाचून कळे. ऑस्ट्रेलियातल्या काही वसाहतींनी १८५६ मध्येच गुप्त मतदान सुरू केलं होतं. ब्रिटनमध्ये नव्या कायद्याखाली पहिलं गुप्त मतदान झालं ते पाँटफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत, १५ ऑगस्ट १८७२ रोजी. पेटीवरची ही मोहोर गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्यातली आहे. लोकशाहीच्या इतिहासात गोळ्यांच्या कारखान्याचाही शिक्का आहे तर!

गुप्ततेची गरज कोणाला जास्त, याचा विचार करा. छातीवर बिल्ला लावून फिरणारा आपलं मत सांगतच असतो. पण गेल्या वेळी एकाला दिलं, या वेळी दुसऱ्याला द्यावंसं वाटतंय आणि घरात, कामावर, मित्रांत कोणाला सांगायचं नाहीये, अशा माणसाला तो आडोसा लागतो. म्हणून कोणी मतदान केल्याचा फोटो पुरावा म्हणून मागितला, तर तो तुमचं स्वातंत्र्यच मागतोय असं समजा.

[दृश्य: मतमोजणीची टेबलं. लिफाफे उघडणारे हात.]

यावर काठावरचा मतदार म्हणतो, ‘घोटाळ्याच्या बोंबा हरलेले मारतात. मला त्यात कशाला ओढता?’ बोंब आणि पुरावा वेगळे, हे खरंच आहे. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर साठच्या आसपास दावे कोर्टात टिकले नाहीत. जॉर्जिया राज्याने तर सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, तरी जिंकणारा तोच राहिला. पुराव्याशिवायचा आरोपही निवडणुकीला पोखरतोच. त्याने लोक म्हणायला लागतात, ‘सगळे सारखेच, जायचं कशाला?’ आणि घरी बसण्याचा मोह पहिला होतो तो ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना.

पण मग ऑस्ट्रियाचं बघा. मे २०१६, राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी. मतदानाच्या रात्री नॉर्बर्ट होफर पुढे होते. टपाली मतं मोजल्यावर अलेक्झांडर व्हान डेर बेलेन ३०,८६३ मतांनी जिंकले. घटनात्मक न्यायालयात साक्षी झाल्या तेव्हा कळलं, की काही ठिकाणी टपाली लिफाफे वेळेआधी उघडले होते, काही ठिकाणी नेमलेले सदस्य हजर नसताना. नंतर त्याच सदस्यांनी सगळं नियमानुसार झाल्याच्या कागदावर सह्या ठोकल्या होत्या. अशा घोळात सापडलेली मतं होती ७७ हजारांहून अधिक. मतं प्रत्यक्ष फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी निवडणूक रद्द झाली, कारण फिरवायला वाव राहिला होता आणि ती संख्या आघाडीपेक्षा मोठी होती. फेरमतदान ऑक्टोबरमध्ये होतं, तर लिफाफ्यांचा गोंद सुटायला लागला! तारीख डिसेंबरवर गेली. व्हान डेर बेलेन पुन्हा जिंकले, या वेळी साडेतीन लाखांच्या आसपास मतांनी.

त्या सह्या ठोकणारे पक्षांनीच पाठवलेले होते. म्हणून मतमोजणीवर नजर ठेवायला कोणाचाही झेंडा न घेतलेली माणसंही लागतात. आणि कोणाला मत द्यायचं हे ठरत नसेल, तर प्रत्येक उमेदवाराला एक सोपा प्रश्न विचारता येतो: हरलात तर निकाल मान्य कराल का? उत्तराला किती वेळ लागतो, त्यावर लक्ष ठेवा.

[दृश्य: मलावी. मतमोजणीचा तक्ता, आकड्यांवर पांढरा थर.]

मे २०१९. आफ्रिकेतल्या मलावी देशात राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मतांवर पुन्हा निवडून आल्याचं जाहीर झालं. प्रतिस्पर्धी लाझारस चकवेरा यांना ३५.४१ टक्के. मग मोजणीचे तक्ते बाहेर आले. आकड्यांवर व्हाइटनर फासून नवे आकडे लिहिलेले. लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले, आणि विरोधकांनी तेच तक्ते न्यायालयात नेले. खटल्यातल्या न्यायाधीशांना लाच देऊ पाहणाऱ्या एका बँक व्यावसायिकाची तक्रार न्यायाधीशांनीच केली, आणि पुढे त्याला शिक्षा झाली. ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीश लष्कराच्या पहाऱ्यात न्यायालयात आले आणि कित्येक तास निकालपत्र वाचत बसले. निवडणूक रद्द. शिवाय यापुढे जिंकायला निम्म्याहून अधिक मतं हवीत.

त्या एका अटीने काठावरच्या माणसाची किंमत वाढली. आधी आपला गट सांभाळून ३८ टक्क्यांवर भागत होतं. आता गटाबाहेरच्या माणसांकडे जाणं भाग होतं. जून २०२० मध्ये फेरमतदान झालं आणि चकवेरा सुमारे ५९ टक्के मतांनी जिंकले.

[दृश्य: मतदानाची रांग, २०२५.]

पुढच्या पाच वर्षांत महागाई भडकली, इंधनासाठी रांगा लागल्या, परकीय चलन आटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, आणि लोकांनी चकवेरांना घरी पाठवून कोणाला आणलं? मुथारिकांना. तेच मुथारिका, ज्यांची निवड न्यायालयाने रद्द केली होती. वय ८५, मतं ५६ टक्क्यांहून अधिक. अधिकृत निकाल जाहीर व्हायच्या आधीच चकवेरांनी पराभव मान्य केला.