काकांच्या फियाटचे पट्टे

नमस्कार श्रोतेहो. पंचवटीत आमच्या वाड्याच्या दारात काकांची सत्तरच्या दशकातली फियाट उभी असते. गेल्या वर्षी तिला नवा रंग दिला, बंपरला क्रोम चढवला, आणि सीटबेल्ट? "ते आहेत की!" म्हणाले काका.

होते खरे. कंपनीचे नव्हेत. आपल्याकडे पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले ते 1994 पासून, त्यामुळे हे नंतर कुणीतरी बसवलेले. उन्हानं पिवळट पडलेले, कडेला गोधडीसारखी सुतं निघालेली. बकलजवळ एका सीटवाल्यानं जाड दोऱ्यानं टाके घातले होते. दिसायला भक्कम.

आता हिशेब करू. 70 किलोचा माणूस ताशी 50 किलोमीटर वेगात आहे आणि धडकेत अर्ध्या मीटरमध्ये थांबतो. पट्ट्यावर साधारण चौदाशे किलोचा भार येतो. काकांची अख्खी फियाट नऊशेच्या आसपास भरते! तो भार त्या टाक्यांनी पेलायचा? उलट सुईनं जिथं जिथं भोक पाडलं, तिथले धागे तुटलेले असतात. म्हणून पट्टा शिवायचा नाही, बदलायचा. अपघातात ताणला गेलेला तर डोळे झाकून काढून टाका, वरून कितीही ठणठणीत दिसो. नुसता मळलेला असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. ब्लीच किंवा रंग अजिबात नको.

नवे पट्टे आणले आणि पायाखालचं मॅटिंग उचललं, तर पत्र्याला गंज. बोल्ट चांगला असून काय उपयोग? आधी पत्रा कापून नवा जोडला, खालून जाड प्लेट दिली, मगच बोल्ट आवळले. पट्ट्याचे बोल्ट जास्त ताकदीचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालवू नका.

एक फजिती सांगतो. पट्टा गुंडाळणारी डबी मेकॅनिकनं किंचित तिरकी बसवली. तिच्या आत एक छोटं लोलकासारखं वजन असतं, गाडी कलली किंवा गचका बसला की ते पट्टा अडकवतं. कसारा घाट लागला, आणि काकांचा पट्टा जो अडकला तो सुटेचना! टोलचे पैसे काढायला खिशापर्यंत हात जाईना. काका शिव्या देत होते, मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी डबी ओळंब्यात बसवली.

मागे काकू बसतात. त्यांच्या सीटचे पट्टे राहिलेत, येत्या रविवारी तेही बसवतोय.