थोरला, मधला, धाकटा

श्रोतेहो, नमस्कार.

सराईत चोर सापडला की कुणीतरी हटकून विचारतं, ‘घरी भावंडं किती?’ ‘सहा’ म्हटलं की लगेच मान डोलते, वाटलंच होतं! पण तुरुंगातल्या शंभर जणांना हे विचारलंत, तर मोठ्या घरांतले आणि मधलेच जास्त भेटणार. रेल्वेच्या डब्यात विचारलंत तरी तेच. सहा भावंडांच्या घरातून सहा जण डब्यात चढू शकतात, एकुलत्याच्या घरातून एकच. शिवाय त्या सहांतले चार मधले!

म्हणून मुलांचा माग लहानपणापासून ठेवावा लागतो. दक्षिण लंडनमध्ये १९६१ साली आठ-नऊ वर्षांचे ४११ मुलगे घेऊन असा अभ्यास सुरू झाला. दहाव्या वाढदिवसापर्यंत ज्याला चार किंवा अधिक भावंडं होती, तो अल्पवयातच कोर्टात दोषी ठरण्याची शक्यता दुप्पट निघाली. आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. दोषी ठरण्याच्या एकूण प्रसंगांपैकी निम्मे जेमतेम सहा टक्के घरांतले होते. म्हणजे वारंवार आत-बाहेर करणारे बरेचदा एकाच छपराखालचे.

का? थोरल्याला यायला उशीर झाला, की कुणीतरी दारात उभं असतं. पाचव्याच्या वेळी ‘असेल दादाबरोबर’ म्हणून दिवा मालवला जातो. आणि तो दादा बाहेरही ‘दादा’च असला तर?

अर्थात मोठं घर बहुधा गरीबही असतं, दाटीवाटीचंही. मग दोष भावंडांच्या संख्येचा की रिकाम्या खिशाचा? ते वेगळं काढायला एकाच घरातले भाऊ शेजारी उभे करून पाहावे लागतात. डेन्मार्क आणि फ्लोरिडातल्या नोंदींवरून तसं पाहिलं गेलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. शाळेत शिस्तभंग किंवा पुढे पोलीस-कोर्टाशी संबंध येण्याचं प्रमाण दुसऱ्या मुलग्यात थोरल्यापेक्षा २० ते ४० टक्क्यांनी जास्त. धाकट्याची तब्येत काही वाईट नव्हती, शाळाही कमी प्रतीची नव्हती. फरक दिसला तो आईबापांच्या वेळेत. थोरल्याला सुरुवातीची वर्षं ते एकट्याला मिळतात, दुसऱ्याला वाटून घ्यावे लागतात.

तरीही दुसऱ्या नंबरच्या बहुतेकांची पोलिसांशी कधी गाठ पडत नाही. मी स्वतः दुसरा. माझ्या थोरल्या भावाला हे आकडे मात्र अजून सांगितलेले नाहीत.

नमस्कार.