बारा मार्चचं मॉरिशस

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘छोटा देश मोठा स्वातंत्र्यदिन’, तर तो देश म्हणजे मॉरिशस, आणि मला सांगायचंय ते एवढंच की ज्या स्वातंत्र्याला जवळपास निम्म्या लोकांनी नको म्हटलं होतं ते आज सगळ्यांचं कसं झालं. तिथे येतोच, पण आधी तारीख समजून घेऊ.

१२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, आणि त्या दिवसाची आठवण ठेवून सिवूसागर रामगुलाम, म्हणजे मॉरिशसचे पहिले पंतप्रधान, यांच्या मंडळींनी १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी हाच दिवस धरला. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परत येताना वाटेत तिथे थांबले होते, उसाच्या मळ्यातल्या आपल्या लोकांना म्हणाले पोरांना शिकवा आणि राजकारणात उतरा, आणि मग त्यांच्याच सांगण्यावरून १९०७ ला मणिलाल डॉक्टर (डॉक्टर हे आडनाव) वकिली करायला तिकडे गेले. पुढे १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला तोही १२ मार्चलाच, म्हणजे आपले १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी त्यांच्याकडे एकाच दिवशी येतात. (एक सुट्टी बुडाली म्हणून हळहळणारे चेहरे मला इथून दिसतायत.)

आता माझी तक्रार. इथे निम्म्या लोकांनी मॉरिशस पाहिलेलं असणार, पण हा दिवस कोणी पाहिलाय? आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, नेमक्या मार्चमध्ये, आणि १२ तारखेसमोर लिहिलेलं, ‘फ्री डे, शॉपिंग’. मी टूर मॅनेजरला म्हटलं अहो आज यांचा स्वातंत्र्यदिन आहे, तर तो म्हणाला काका आज सगळं बंद असतं, बघण्यासारखं काही नाही, तुम्ही बीचवर जा. अख्खी बस बीचवर गेली. मी आणि ही, आम्ही दोघं साध्या बसने पोर्ट लुईला गेलो, शां द मार्सला. हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, १८१२ पासूनचं, आणि युनियन जॅक उतरला तोही इथेच. या देशाला स्वतःचं सैन्यच नाही, त्यामुळे परेडला पोलीस, त्यांचीच स्पेशल मोबाईल फोर्स आणि कोस्ट गार्ड, वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार पट्ट्यांचे झेंडे गाड्यांवर, बाल्कन्यांत, पोरांच्या गालावर, आणि हातात गरम ढोल पुरी, म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण समजा.

आम्ही दोघं बोलत होतो तर शेजारच्या बाई एकदम वळल्या, ‘तुमी मराठी?’ त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला आलेले. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, बोलतात पण मराठी शाळेत शिकल्या, गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, आणि आपल्या कोकणातली जाखडी ते अजून नाचतात. हिच्या डोळ्यात पाणी आलं. आणि आपल्याकडे चाळीस माणसांची मराठी टूर त्याच दिवशी, त्याच बेटावर, बीचवर! मला याचा राग येतो, आजही येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, तर मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

ऑगस्ट १९६७ ची निवडणूक म्हणजे स्वातंत्र्यावरचा कौलच होता. रामगुलाम यांची आघाडी जिंकली पण ४४ टक्के मतं विरोधात, गाएतां दुव्हाल यांच्या पक्षाला. हिंदू बहुसंख्य आहेत, उद्या आपलं काय, ही बाकीच्यांची भीती खरी होती. जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईत दंगली पेटल्या, सिंगापूरहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले, राजकन्या अलेक्झांड्रा समारंभाला येणार होत्या तो दौराच रद्द झाला. अशा वातावरणात १२ मार्चला दुपारी बारा वाजता नवा झेंडा वर गेला. आणि पुढच्याच वर्षी रामगुलाम यांनी त्याच दुव्हालना सरकारात घेतलं, परराष्ट्र खातं दिलं. माझ्या मते हा दिवस सगळ्यांचा व्हायला सुरुवात झाली ती इथून, कारण हरलेल्याला दारात उभं ठेवलं नाही. बाकीचं शाळांनी केलं, दरवर्षी झेंडावंदन, पंतप्रधानांचा संदेश, मग केक आणि कोल्ड्रिंक, त्यात तमिळ, मुसलमान, चिनी, क्रिओल (म्हणजे आफ्रिकी वंशाची), मराठी सगळी पोरं एका रांगेत.

एक गोष्ट मात्र अर्धी राहिलीय. स्वातंत्र्याआधीच, १९६५ ला, ब्रिटननं हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, त्यातल्या सगळ्यात मोठ्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ आला आणि १९७३ पर्यंत तिथल्या माणसांना हाकलून काढलं, बरीचशी पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडली. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की बेटं अशी तोडणं बेकायदा होतं, २०२५ च्या मे महिन्यात बेटं परत द्यायच्या करारावर सह्याही झाल्या, पण त्या करारानुसार तळ ९९ वर्षांच्या भाड्याने तसाच राहणार आणि दिएगो गार्सियावर त्या लोकांना घर बांधायची परवानगी नाही. मला हे अजिबात पटत नाही. आयोजक उभे राहिलेत, तर चागोसवर ज्यांना विचारायचंय त्यांनी आत्ताच हात वर करा, मी थांबतो.