दोडक्याचा मांडव कुणाच्या दारात?

(दृश्य: बेळगाव, शहापूर. दोन घरांच्या मधली मोकळी जागा. चटई, चहाचे कप, माणसं.)

बेळगावात भाजीला काय तोटा? गणपत गल्लीत गेलं की पिशवी भरते. तरीही या गल्लीतल्या सात घरांनी ठरवलंय, इथं मिळून भाजी करायची. जागा २० बाय ३० फूट. मतं मात्र एकरभर.

बैठक सुरू होते चहावर आणि अडते दोडक्यावर.

"मांडव माझ्या दारापुढं घाला की," काकू म्हणतात.

"आणि माझ्या टोमॅटोला ऊन कुठलं हो?" अण्णा विचारतात.

वाद मराठीत रंगतो, कन्नडमध्ये तापतो. शेवटी शेतात हात मळलेल्या आज्जी सांगतात, थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, मांडव उत्तरेच्या कडेला घाला. सावली कुणाच्या भाजीवर पडायची नाही. उत्तरेला नेमकं काकूंचंच दार! काकू लगेच दुसरा चहा ठेवतात.

(दृश्य: लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला नकाशा.)

वाफा ४ फूट रुंद, जास्त नाही. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडला की माती दबते. काकूंनी खाली बसून, हात लांबवून हे माप पक्कं केलंय. मधली वाट दीड फूट, कारण अण्णांना तिथून घागर घेऊन जायचंय. आणि वाफे जमिनीपासून ८ इंच उंच. बेळगावचा जुलै ज्यानं पाहिलाय त्याला कारण सांगावं लागत नाही. सपाट जागेत पाणी साचून मुळं कुजतात.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून कोपऱ्यात पिंप. ते भरायची पाळी कॅलेंडरवर लिहिलीय.

मला या बैठकीचं फार कौतुक वाटतं. बी टाकायच्या आधीच सगळी भांडणं उरकून घेतायत ही माणसं! वांगी-मिरचीचं रोप लावणीला यायला महिनाभर लागतो, तेवढ्यात वाटणीचंही ठरेल. मेथी साधारण महिन्यात काढणीला येते, पण सगळी एकदम आली तर सात घरांत आठवडाभर मेथीच. म्हणून दसऱ्यानंतर दर दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरायचा.

शेपूवर मात्र एकमत नाही. तीन घरांना हवाच, चार घरांना वासही नको. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचंय. चहा अण्णांकडं.