आवाजाची पट्टी यंत्राने कशी ओळखावी?

श्रोतेहो, नमस्कार. दादर स्थानकाच्या पुलावरून कोणी घरी फोन करून 'जेवलास' एवढेच म्हटले, तरी तो प्रश्न आहे हे शेवटी चढलेल्या पट्टीवरून घरच्यांना कळते. ही पट्टी यंत्राने कशी मोजायची, ते आज पाहू.

बोलताना कंठातील स्वरतंतू उघडमीट करतात. प्रौढ पुरुषात सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास, तर लहान मुलांत त्याहूनही अधिक. ही झाली मूळ वारंवारता; आवाजाची पट्टी ठरते ती हिच्यावरून. तिच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपनेही असतात आणि त्यांतले कोणते जोरकस ठरेल, हे तोंडाच्या पोकळीच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे सर्वांत जोरकस कंपन म्हणजेच पट्टी, असे धरले की फसगत होते. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. म्हणजे १२५ हर्ट्झचे मूळ कंपन पलीकडे जवळजवळ पोहोचतच नसे. तरीही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे, कारण ३७५, ५००, ६२५ या उरलेल्या कंपनांमधले अंतर १२५ च राहते.

म्हणून यंत्राने शोधायची ती पुनरावृत्ती. लहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजून तेवढे नमुने घेतले, तर १२५ हर्ट्झच्या आवाजाची लहर दर ६४ नमुन्यांनी स्वतःला गिरवते. तीस-चाळीस मिलिसेकंदांचा तुकडा घेऊन त्याची प्रत हळूहळू पुढे सरकवत मूळ तुकड्याशी ताडून पाहिली, की ६४ व्या नमुन्याला दोन्ही उत्तम जुळतात. हीच ऑटोकोरिलेशनची पद्धत. मात्र १२८ व्या नमुन्यालाही त्या तितक्याच छान जुळतात आणि यंत्र बेधडक एक सप्तक खालची पट्टी सांगून मोकळे होते! ही चूक मोठी चिवट आहे. शोधाची मर्यादा आधीच बांधणे आणि शेजारच्या तुकड्यांची उत्तरे जुळवून पाहणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय. १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मायकेल नोल यांनी सेप्स्ट्रमची, म्हणजे आवाजाच्या वर्णपटातच समान अंतरांची पुनरावृत्ती शोधण्याची, निराळी वाटही मांडली.

'स' किंवा 'श' उच्चारताना तर स्वरतंतू कंप पावतच नाहीत. अशा वेळी ओढूनताणून आकडा सांगणाऱ्या पद्धतीपेक्षा 'येथे पट्टी नाही' असे म्हणणारी पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते. आणि पुलावर दोघे एकदम बोलू लागले, तर दोन पुनरावृत्ती एकाच लहरीत मिसळतात. तेव्हा एकच पट्टी गृहीत धरणारी ही ताडणी अपुरी पडते.