टाइम किती आला ते राहू द्या, ग्राफ दाखवा

ट्रॅक डे करून, म्हणजे रेस ट्रॅकवर पळवून, गाडी परत आली की पुण्यातला कुठलाही गाडीवेडा पहिलं हेच विचारणार, लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, टाइम किती आला? आणि लगेच दुसरं, टॉप स्पीड किती लागला? माझं म्हणणं असं आहे की ड्रायव्हरला सुधारायला हे दोन्ही आकडे सगळ्यात कमी कामाचे. टॉप स्पीड तर बहुतेक वेळा काट्यावर बघून सांगितलेला असतो आणि काटा जास्तच दाखवतो, मुद्दाम तसाच ठेवतात, युरोपातला नियम आहे की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतं. म्हणजे काट्यावरचे २०० खरे १९० सुद्धा असू शकतात. इथे चाकण-पिंपरीचे बरेच इंजिनियर बसलेत, त्यांना हे पाठ असणार, पण ग्रुपवर फोटो टाकताना तेही सोयीने विसरतात. (हशा)

मग मोजायचं कशाने? अ‍ॅप चांगली आहेत, लॅप मोजणारं रेसक्रोनो घ्या, हॅरीज लॅपटायमर घ्या, पण फोनच्या आतला जीपीएस साधारण सेकंदाला एकच पॉइंट देतो. आता १८० चा स्पीड म्हणजे सेकंदाला ५० मीटर, त्यामुळे दोन पॉइंटच्या मधला ५० मीटर रस्ता गायब, आणि तुम्ही ब्रेक मारला तो नेमका तिथेच कुठेतरी. त्याच अ‍ॅपला बाहेरचा १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १० पॉइंट देणारा, जीपीएस रिसीव्हर जोडला की हे अंतर ५ मीटरवर येतं, २५ हर्ट्झचा असेल तर २ मीटर. ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लागणारं छोटं यंत्र, लावा हवं तर, आरपीएम, थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर किती उघडा ते, कूलंटचं टेंपरेचर मिळतं, पण ब्रेक किती दाबला ते त्याच्या स्टँडर्ड यादीत नाहीच, आणि जुन्या गाडीत तो इतका संथ की आकडा येईपर्यंत कॉर्नर मागे गेलेला असतो.

आता ग्राफ. उभा स्पीड, आडवं अंतर. वेळ नाही, अंतर, कारण आपल्याला दोन लॅप एकमेकींवर ठेवून त्याच जागी काय केलं ते बघायचंय. मेन स्ट्रेटच्या, म्हणजे मुख्य सरळ भागाच्या, शेवटी स्पीडचा जो डोंगर होतो ना त्याचं टोक बघा. चांगल्या ड्रायव्हरचं टोक अणकुचीदार असतं, पूर्ण थ्रॉटल आणि तिथून थेट ब्रेक. आपल्यासारख्यांचं टोक घुमटासारखं गोल, कारण थ्रॉटल सोडला, पाय हवेत, विचार चाललाय, मग ब्रेक. पाय अर्धा सेकंद हवेत म्हणजे १८० ला २५ मीटर फुकट गेले. आणि पिटमध्ये येऊन माणूस काय म्हणतो, टायर गरम नव्हते. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय.

पुढे कॉर्नरमधला सगळ्यात कमी स्पीड बघा, खरी गंमत तिथे आहे. समजा कॉर्नरची त्रिज्या ६० मीटर आहे आणि तुम्ही ८० ने गेलात, तर स्पीडचा वर्ग भागिले त्रिज्या, गाडीवरचा आडवा जोर साधारण ०.८४ जी येतो, १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका. ८५ ने गेलात तर ०.९५. चांगला रोड टायर कोरड्या ट्रॅकवर १ जी च्या आसपास धरतो, म्हणजे ८० वाल्याने पैसे देऊन घेतलेली ग्रिप वापरलीच नाही. पण लगेच ८५ ने घुसू नका हं, तिथून बाहेर पडताना थ्रॉटल उशिरा उघडावा लागला तर पुढच्या स्ट्रेटवर सगळं घालवून बसाल. म्हणून डेल्टाची रेघ बघायची, दोन लॅपमधला फरक कुठे वाढत जातो ते ती मीटरमीटरने दाखवते.

०-१०० ला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्यांना एकच सांगतो, थोडा उतार मिळाला तरी आकडा सुंदर दिसतो. एक टक्का उतार म्हणजे ०.०१ जी आयता. त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी गाडी पळवा आणि सरासरी घ्या. आणि अमेरिकन आकड्यांशी तुलना करू नका, त्यांच्यात बरेच जण पहिला एक फूट मोजतच नाहीत. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, हवा पाच-सहा टक्के विरळ, टर्बो नसलेल्या गाडीला ते जाणवतंच. चेन्नई समुद्रसपाटीला, तिथे दाट हवेचा फायदा, पण तिथला उकाडा त्यातला बराचसा परत काढून घेतो.

म्हणून प्रत्येक सेशनला हवेचं टेंपरेचर आणि टायर प्रेशर लिहून ठेवा, गाडी आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रेशर, ब्रेक पॅड आणि लाइन म्हणजे कॉर्नर घ्यायची वाट, तिन्ही एकदम बदलल्यावर टाइम सुधारला तर श्रेय कोणाला देणार? ब्रेक फ्लुइड मात्र जायच्या आधीच नवीन घाला. डॉट ४ प्रकारचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं आणि ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ वर येते, मग पेडल खाली जातं, त्यावेळी ग्राफ बघायला कोणी जागेवर नसतं.

मागून प्रश्न आलाय, ताम्हिणीत मोजलं तर चालेल का? नाही. समोरून एसटी येते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जा, ३.७ किमीचा ट्रॅक आहे, नाहीतर कोइंबतूरला जा. बरं, आता प्रोजेक्टर लावा, इरुंगट्टुकोट्टईच्या दोन लॅप आणल्यात, एक माझी आणि एक माझ्यापेक्षा बऱ्याच तरुण मुलाची, नावं झाकलीत. पहिल्या ब्रेकिंगपाशी झूम करतो, कोणती कोणाची ते तुम्हीच सांगा.